कॅमेऱ्याची कंपनी बदलताय? या चुका टाळा

"फोटोंवर आडवे पट्टे येतायत." "स्टुडिओत व्ह्यूफाइंडर काळा पडतो." "जुनी लेन्स लागते, पण फोकस करत नाही." पुण्यात लग्नांची कामं करणारे मित्र कंपनी बदलली की पहिल्याच महिन्यात असे फोन करतात. बहुतेक वेळा कॅमेरा धडधाकट असतो. जुन्या कंपनीच्या सवयी आपण नव्या बॉडीवर (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यावर) तशाच चालवत असतो, त्यातून हे होतं. मी स्वतः निकॉनच्या डीएसएलआरवरून (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यावरून) सोनीच्या मिररलेसवर, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यावर आलो, त्यामुळे उदाहरणं जास्त करून तिथलीच देतो.

सीझनच्या तोंडावर बदलणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. ऑफर दसरा-दिवाळीत लागतात, पाठोपाठ तुळशीचं लग्न होतं आणि मुहूर्त सुरू. हाताला नवी बटणं सरावायला वेळच उरत नाही. त्यापेक्षा गणपतीत तीच बॉडी भाड्याने घ्या आणि संध्याकाळी लक्ष्मी रोडवर उतरा. अंधार, रोषणाई, हलणारे ढोल, गर्दी असं सगळं एका ठिकाणी मिळतं आणि कोणाचा अंतरपाट चुकत नाही. फक्त गुलाल उधळत असेल तिथे लेन्स बदलू नका. मिररलेसमध्ये लेन्स काढली की सेन्सर समोर उघडाच असतो. काही मॉडेलमध्ये बंद करताना शटर मिटून घ्यायची सोय असते, पण ती बऱ्याचदा मेनूत जाऊन चालू करावी लागते.

हाताच्या सवयी किती खोल असतात, ते लेन्स बदलताना कळतं. निकॉनची लेन्स लावताना ज्या दिशेला फिरवतात, त्याच्या उलट दिशेला सोनीची आणि कॅननची फिरते. निकॉन आणि कॅननच्या झूम रिंगही एकमेकींच्या उलट. मंगलाष्टकं संपत आलीत, अक्षता पडणार, आणि लेन्स "अडकली" म्हणून कोणी जोर लावला तर माउंटलाच, म्हणजे लेन्स बसते त्या कड्यालाच इजा. लेन्सवरची खूण बॉडीवरच्या खुणेला जुळवायची आणि मग फिरवायची, एवढं घरी बसून डोळे मिटून जमेपर्यंत करा. फोकस शटरच्या बटणावरून काढून मागच्या एएफ-ऑन बटणावर घ्यायची सवय असेल, तर ती सेटिंगही पहिल्याच दिवशी लावून टाका.

"अडॅप्टर लावला की जुन्या लेन्स चालतील"

अडॅप्टर म्हणजे एका कंपनीची लेन्स दुसऱ्या माउंटवर बसवणारी जोडकडी. लेन्स चालतील, पण कुठल्या आणि कशा, हे बघूनच बजेट करा. माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर निकॉन एफमध्ये ४६.५ मिलिमीटर, कॅनन ईएफमध्ये ४४ आणि सोनी ई-माउंटमध्ये फक्त १८ आहे. मधल्या मोकळ्या जागेत अडॅप्टर बसतो, म्हणून डीएसएलआरची लेन्स मिररलेसवर चढते. उलटा प्रवास होत नाही.

आता ऑटोफोकसचं. कॅननने १९८७ मध्ये ईएफ माउंट आणला तेव्हाच फोकसची मोटर लेन्समध्ये दिली आणि ॲपर्चरही (लेन्समधून उजेड आत येण्याचं लहानमोठं होणारं भोक) विजेवर चालवलं. त्यामुळे चांगला अडॅप्टर असेल तर ईएफ लेन्स सोनीवर बऱ्यापैकी काम देतात. निकॉनचा एफ माउंट १९५९ चा. त्यातल्या एएफ-डी लेन्सना फोकससाठी बॉडीतली मोटर लागते. ती नसेल तर रिंग हाताने फिरवायची. निकॉनच्याच झेड या मिररलेस बॉडीवर कंपनीचा एफटीझेड अडॅप्टर लावला तरी हीच गत, कारण त्यातही ती मोटर नाही. निकॉनच्या 'जी' प्रकारच्या लेन्सचं ॲपर्चर तर बारीक दांडीने उघडतं-मिटतं, साध्या अडॅप्टरला ते कळतही नाही. माझं मत स्पष्ट आहे: पोर्ट्रेट, निसर्ग, आरामाचं काम असेल तर अडॅप्टर वापरा. लग्नात नेहमी लागणाऱ्या दोन लेन्स मात्र नव्या माउंटच्याच घ्या, भले सेकंडहँड घ्या.

फ्लॅश आणि काळा पडलेला व्ह्यूफाइंडर

जुना फ्लॅश नव्या बॉडीवर मधल्या पिनवरून पेटेल, पण टीटीएल, म्हणजे फ्लॅशचा जोर कॅमेऱ्याने आपोआप ठरवणं, चालणार नाही. गोडॉक्स कंपनीच्या एक्स सिस्टीमचे लाइट असतील तर सगळे विकायची घाई नको. त्यांचं रेडिओचं बोलणं सारखंच असतं. नव्या कंपनीच्या कॅमेऱ्यावर बसणारा गोडॉक्सचा ट्रिगर (फ्लॅशला रेडिओने इशारा देणारा) घेतला की जुने फ्लॅश स्टँडवरून काम करतात.

स्टुडिओत स्ट्रोब (मोठे फ्लॅश) लावले, १/१६०, एफ/८, आयएसओ १०० ठेवलं आणि व्ह्यूफाइंडर काळाकुट्ट झाला, तर घाबरू नका. मिररलेस तुम्हाला सेटिंगनुसार दिसणारा फोटो आधीच दाखवतो. स्ट्रोब अजून पेटलेला नसतो, म्हणून अंधार. सोनीत लाइव्ह व्ह्यू डिस्प्लेमध्ये सेटिंग इफेक्ट ऑफ करा, कॅननमध्ये एक्स्पोजर सिम्युलेशन बंद करा. कार्यालयाच्या उजेडात काम करताना परत चालू करायला विसरू नका.

सायलेंट शटरचा मोह

सवाई गंधर्व महोत्सवासारख्या मैफलीत आवाज न करता फोटो काढता येणं हे खरंच सुख आहे. पण त्यासाठी लागणाऱ्या, पडदा न हलवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये बहुतेक सेन्सर ओळीओळीने वाचले जातात. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात आणि काही ओळी उजळ, काही काळ्या येतात. यावर उपाय असा: मेकॅनिकल शटरवर या, किंवा शटर स्पीड १/१०० किंवा १/५० ठेवून एक फोटो मोठा करून तपासा. स्टेजमागे एलईडी भिंत असेल तर हा आकडाही कधी पुरत नाही, तिथे मेकॅनिकलच बरा. शिवाय बहुतेक बॉडींमध्ये इलेक्ट्रॉनिक शटरवर फ्लॅश पेटतच नाही. "फ्लॅश बंद पडला" म्हणून दुकानात जाण्याआधी हे बघा.

बॅटरीचा हिशोबही बदलतो. निकॉन डी७५० ची अधिकृत क्षमता १२३० फोटोंची होती, सोनी ए७ थ्रीची ७१०. प्रत्यक्षात दोन्ही यापेक्षा जास्त चालतात, तरी एक बॅटरी जास्तीची ठेवाच.

दोन कंपन्या एकाच लग्नात

सुरुवातीला जुनी बॉडी दुसऱ्या कॅमेऱ्याला ठेवणं शहाणपणाचं आहे, पण मग हळदीचा पिवळा दोन्हीकडे वेगळा दिसतो. ऑटो व्हाइट बॅलन्स सोडून दोन्हीकडे एकच केल्विन आकडा (उजेडाच्या रंगाचं माप) लावा आणि जुने प्रीसेट, म्हणजे साठवून ठेवलेली रंगांची सेटिंग, नव्या फाइलवर डोळे झाकून टाकू नका. ते जुन्या कॅमेऱ्याच्या रंगांवर बेतलेले असतात. लाइटरूम या फोटो-सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती नव्या कॅमेऱ्याची रॉ (प्रक्रिया न केलेली) फाइल उघडत नसेल, तर ती बदलून देणारा अडोबीचा डीएनजी कन्व्हर्टर फुकट मिळतो.

आणि कॅमेऱ्यांची घड्याळं सकाळीच जुळवून घ्या. निकॉन आणि सोनी दोघांच्याही फाइलचं नाव डीएससीनेच सुरू होतं. दोन्ही कार्ड एकाच फोल्डरमध्ये ओतली आणि घड्याळं पुढेमागे असली, तर सप्तपदी कन्यादानाच्या आधी येऊन बसते आणि अल्बम लावणाऱ्याची रात्र त्यातच जाते.