भाकरीच्या चवीची क्रमवारी लावताना या चुका टाळा

ज्वारीच्या नव्या वाणाचं उत्पादन काट्यावर कळतं, पण भाकरी कशी होते ते तव्यापाशीच. म्हणून घरोघरी तीन-तीन वाणांचं पीठ देऊन दोनच गोष्टी विचारतात: सगळ्यांत चांगली कोणती, सगळ्यांत वाईट कोणती? मधला क्रमांक आपसूक मिळतो. ‘ट्रायकॉट’ म्हणतात याला. घोळ होतो तो पुढे.

सगळ्यांत जास्त दिसणारी चूक म्हणजे क्रमांकांची सरासरी. वाण दहा, घरी पोचतात तीनच. एखाद्याच्या वाट्याला दोन्ही सोबती कच्चे आले की तो पहिला येणारच. मालदांडीसारख्या नावाजलेल्या वाणाशी गाठ पडलेला बिचारा दुसरा. सरासरीला ही गाठ दिसत नाही. प्लॅकेट-लूस हे संख्याशास्त्रीय मॉडेल कोण कुणासमोर होतं ते धरून प्रत्येकाचं ‘मोल’ काढतं. समजा तिघांचं मोल ०.५, ०.३ आणि ०.२ आलं. तिघांत पहिला वाण अव्वल ठरण्याची शक्यता ५० टक्के. समोर फक्त दुसरा असेल तर ०.५ भागिले ०.८, म्हणजे ६२.५ टक्के. क्रमांकांची तुलना करणारी फ्रीडमन चाचणी इथे लावू नका, तिला प्रत्येकाने सगळे वाण चाखलेले लागतात.

ओळखीचा, लोकांना आवडणारा वाण निकालात तळाला दिसला तर आधी नोंदींचा तक्ता उघडा. आमच्याकडे एकाने १ म्हणजे उत्तम धरलं होतं, दुसऱ्याने ३. दोन दिवस आम्ही मॉडेललाच दोष देत होतो!

एखादा वाण एकदाही हरला नाही, तर इतरांच्या तुलनेत त्याचं मोल अनंताकडे पळतं. ‘आर’ या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेतलं प्लॅकेट-लूस पॅकेज काल्पनिक तुलना घालून ते आवरतं, पण वाटप करतानाच सगळे वाण एकमेकांशी फिरवून जोडलेले बरे.

आता पीठ. शिळ्या पिठाची विरी जाते, भाकरी थापताना चिरते. एक दळण आजचं, दुसरं पंधरा दिवसांपूर्वीचं असेल तर क्रमवारी वाणांची नाही, गिरणीच्या तारखांची लागते. पिशवीवर वाणाचं नाव नको, ‘अ, ब, क’ही नको, ‘अ’ला उगाच झुकतं माप मिळतं. तीन आकडी कसेही निवडलेले क्रमांक घाला.

आणि थापणारीला वेगळं विचारा, खाणाऱ्याला वेगळं. त्यालाही दोनदा: तव्यावरून उतरल्यावर, आणि दुपारी शेतात फडकं सोडल्यावर.