‘तुमचा रिफंड अडकलाय’ म्हणणारा फोन : या चुका टाळा

रिटर्न भरण्याच्या दिवसांत माझ्या टेबलावर दोन गोष्टी हमखास येतात : फॉर्म १६च्या चुरगळलेल्या प्रती, आणि “अहो, मला इन्कम टॅक्समधून फोन आला होता” असं सांगणारं कुणीतरी. गेल्या खेपेला ते कुणीतरी म्हणजे आमच्या गल्लीतले निवृत्त मास्तर. फोनवरच्या माणसाला त्यांचं पूर्ण नाव, पॅन, शाळेचं नावसुद्धा ठाऊक होतं. रिफंड मंजूर झालाय, पण खाते क्रमांकाचे शेवटचे आकडे चुकलेत, म्हणाला. मास्तरांनी जन्मभर लाल शाईने लोकांच्या चुका दुरुस्त केल्या, हीही लगेच केली. ओटीपी आला तेव्हा नेमका चष्मा सापडेना. तो शोधून द्यायला आलेल्या सूनबाईंनी दोन वाक्यं ऐकली आणि फोन कापला. चष्म्याने पैसे वाचवले म्हणायचे.

माहिती बरोबर, म्हणजे माणूस खरा असं समजणं

पॅनची झेरॉक्स आपण कुठे कुठे दिली, आठवून बघा. सिमकार्डच्या दुकानात, सोनाराकडे, कर्जाच्या एजंटाकडे. तुमचं नाव-गाव सांगणाऱ्याने फक्त एवढंच सिद्ध केलं की कुठलीतरी यादी त्याच्या हाती लागली आहे.

‘चुकीचा’ खाते क्रमांक दुरुस्त करायला धावणं

ही सगळ्यात हुशार चाल. २०२३ साली १५,४९० रुपयांचा रिफंड मंजूर झाल्याचा एक मेसेज देशभर फिरला. त्यात एक भलताच खाते क्रमांक होता आणि तो चुकीचा असेल तर दुरुस्त करायला खाली लिंक. तो बनावट असल्याचं पीआयबी फॅक्ट चेक या सरकारच्या खोट्या बातम्या तपासणाऱ्या विभागाने जाहीर केलं. गंमत अशी, की यात माणूस हावरटपणाने फसत नाही. आपले पैसे दुसऱ्याच्या खात्यात जातील या काळजीने फसतो.

रिफंड येतो तो तुम्ही स्वतः आयकर विभागाच्या पोर्टलवर पडताळून ठेवलेल्या बँक खात्यातच. खात्याची काही गडबड झाली तर लॉगिन करून तुम्हीच ‘रिफंड रीइश्यू’ची विनंती टाकायची असते. त्यासाठी विभाग फोनवर ओटीपी, कार्डाचा नंबर किंवा पासवर्ड विचारत नाही. आणि यूपीआय पिन पैसे पाठवायला लागतो, घ्यायला नाही. ‘रिफंड घ्यायला पिन टाका’ असं ऐकलं की फोन ठेवून द्या.

भरलेल्या रिटर्नच्या ई-व्हेरिफिकेशनला, म्हणजे ऑनलाइन पडताळणीला, आधारचा ओटीपी वापरतात, हे खरं. पण ते काम तुम्ही सुरू केलेलं असतं. मी अशिलांना एकच विचारायला सांगतो : सुरुवात कुणी केली? समोरच्याने केली असेल तर त्याच्यासोबत पुढे जायचं नाही. फोन ठेवायचा, इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन हा पत्ता स्वतः टाइप करायचा आणि तिथे बघायचं.

धमकीला घाबरून तिथल्या तिथे पैसे भरणं

१ ऑक्टोबर २०१९पासून विभागाच्या प्रत्येक पत्रव्यवहारावर डीआयएन, म्हणजे दस्तऐवज ओळख क्रमांक, असावा लागतो, अपवाद मोजकेच. नुसता क्रमांक दिसला म्हणून विश्वास ठेवू नका, तो कुणीही छापेल. पोर्टलवर नोटीस खरी की खोटी हे तपासायची सोय आहे, लॉगिनही लागत नाही. तिथे क्रमांक टाकून बघा. थकबाकी खरोखरच असेल तर ती पोर्टलवरून चलनाने भरायची, ‘साहेबांच्या’ यूपीआयवर नाही. व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अटक’ करण्याची तरतूद आपल्या कायद्यात कुठेच नाही.

हा धंदा आपल्या दाराशीच भरभराटीला आला होता, हे पुष्कळ जण विसरले. ऑक्टोबर २०१६मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले आणि सातशेच्या वर लोकांना ताब्यात घेतलं. तिथली पोरं अमेरिकेतल्या करखात्याचे अधिकारी बनून अमेरिकनांना अटकेची भीती घालत आणि गिफ्ट कार्डांचे नंबर घेऊन पैसे उकळत. तुमची लेक न्यू जर्सीत असेल तर तिलाही सांगून ठेवा : तिथलं करखातं सहसा आधी टपालाने पत्र पाठवतं, आणि कर गिफ्ट कार्डाने कधीच घेत नाही.

सगळंच खोटं समजून कचऱ्यात टाकणं

ही उलटी चूक माझ्याकडे तितकीच येते. रिटर्न तपासून झालं की विभागाची सूचना खरोखर ईमेलने येते. तिच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे लहान लिपीतला पॅन आणि पुढे जन्मतारीख. एकाने ती ‘फ्रॉड’ म्हणून उडवली आणि तिच्यात मागितलेल्या करावरचं व्याज वाढू दिलं. शंका आली तर ईमेलमधल्या लिंकला हात न लावता पोर्टल उघडा. खरी सूचना तिथेही दिसते.

स्क्रीन दाखवणं, फाइल उघडणं

एनीडेस्कसारखं, आपली स्क्रीन दुसऱ्याला दाखवणारं ॲप घ्यायला लावणारा, किंवा व्हॉट्सॲपवर एपीके, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल पाठवणारा माणूस कर अधिकारी नसतो. विषय संपला.

पैसे गेले, आणि लाजेने गप्प बसणं

तासाभरात हालचाल केली तर पैसे वाटेत गोठवता येण्याची शक्यता जास्त. लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन लावा. एपीके उघडली असेल तर त्या फोनचं इंटरनेट बंद करून दुसऱ्या फोनवरून लावा. मग बँक, नंबर कार्डाच्या पाठीमागचा, गुगलवर सापडलेला नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०१७च्या परिपत्रकानुसार, ओटीपी तुम्हीच सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून कळवल्याची वेळ लिहून ठेवा. त्यानंतर पोर्टलचा पासवर्ड बदला, पडताळलेल्या खात्यांच्या यादीत अनोळखी खातं घुसलेलं नाही ना ते बघा, आणि व्यवहाराचा यूटीआर नंबर, म्हणजे बँकेने त्या व्यवहाराला दिलेला क्रमांक, हाताशी ठेवा. १९३०वर तो विचारतातच.