कासच्या पठारावरील टूथब्रश आमरी कशी ओळखावी

पावसाळ्याच्या उत्तरार्धात, विशेषतः ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये, सातारा जिल्ह्यातील कासच्या जांभ्याच्या पठारावर गवतातून पांढऱ्या फुलांचे छोटे तुरे वर आलेले दिसतात. त्यांपैकी टूथब्रश आमरी (आमरी म्हणजे ऑर्किड), शास्त्रीय नाव हॅबेनारिया हेनियाना, ओळखण्यासाठी फुलाआधी संपूर्ण झाडाकडे पाहावे, कारण पांढऱ्या रंगाच्या जमिनीवरच्या आमरी सह्याद्रीत अनेक आहेत आणि केवळ रंगावरून निष्कर्ष काढल्यास हमखास गफलत होते.

झाडाची उंची साधारणपणे 15 ते 30 सेंटीमीटर असते. पाने लांबट व टोकदार असून ती खोडाला एकावर एक येतील अशी लगटून असतात. पाने जमिनीला चिकटून पसरलेली असतील, तर ती आमरी निराळी समजावी. खोडाच्या टोकाला फुलांचे कणीस येते आणि त्यातील सर्व फुले एकाच बाजूला वळलेली असतात. दात घासण्याच्या ब्रशसारखी दिसणारी ही रचनाच या आमरीची सर्वांत भरवशाची खूण आहे.

त्यानंतर भिंगाने एक फूल बारकाईने पाहावे. वरचे निदल (पाकळ्यांबाहेरच्या वेढ्यातील दल) आणि दोन पाकळ्या मिळून छोटी टोपी तयार होते, तर खाली झुकलेली तिसरी पाकळी, म्हणजे ओठ, तीन अरुंद भागांत विभागलेली असते. ओठाच्या बुडापासून मागे एक पोकळ नळी निघते, तिला शुंडिका म्हणतात. समोरून ती सहज दिसत नाही, म्हणून फूल बाजूनेही पाहणे आवश्यक आहे. फुलामागचा देठासारखा भाग प्रत्यक्षात अंडाशय असतो. त्याला पीळ पडल्यामुळे कळीत वर असलेला ओठ उमलताना खाली येतो. निसर्गाची ही रचना स्वतः पाहिल्यावर आमरीच्या फुलाविषयीचे कुतूहल वाढल्याशिवाय राहत नाही.

हॅबेनारिया लाँगिकॉर्निक्युलाटा या आमरीची शुंडिका 10 सेंटीमीटरहूनही लांब असते, आणि पेक्टेलिस जायगँटिया या बऱ्याच उंच व मोठ्या फुलांच्या आमरीत ओठाचे बाजूचे भाग झालरीप्रमाणे चिरलेले असतात. त्यामुळे शुंडिकेची लांबी व ओठाची कड यांची नोंद घेतल्यास या दोन्हींपासून टूथब्रश आमरी सहज वेगळी करता येते.

ओळख पटवण्यासाठी झाड उपटू नये. पुढच्या वर्षीची वाढ जमिनीतील कंदावर अवलंबून असते, आणि बी धुळीसारखे सूक्ष्म असून त्याला रुजण्यासाठी मातीतील बुरशीची साथ लागते, त्यामुळे उपटलेल्या झाडाची जागा लवकर भरून निघत नाही. पायवाट न सोडता संपूर्ण झाड, पाने, कणीस, फुलाचा समोरचा भाग व बाजूने दिसणारी शुंडिका अशी छायाचित्रे घ्यावीत. उंची कळावी म्हणून झाडाला स्पर्श न करता शेजारी मोजपट्टी धरावी आणि तारखेसह ठिकाण लिहून ठेवावे.