लेफ्टनंटच्या हातात पगार किती पडतो

आर्मीत अधिकारी म्हणून माझं सिलेक्शन झाल्याचं कळल्यावर थोरल्या काकांनी अभिनंदनाआधी विचारलं, "पगार किती पडणार?" मी ऐटीत सांगितलं, 56,100. आकडा बरोबर होता, पण तो नुसता मूळ पगार.

चेन्नईच्या ओटीएत, म्हणजे ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीत, ट्रेनिंगला असताना स्टायपेंडही महिना 56,100 मिळतो. बारावीनंतर खडकवासल्याच्या एनडीएत गेलेल्या पोरांना तो पुढे डेहराडूनच्या आयएमएत (इंडियन मिलिटरी अकादमी) गेल्यावर सुरू होतो. खडकवासल्याच्या तीन वर्षांत वरखर्चाला घरूनच पैसे लागतात. खांद्यावर दोन स्टार लागले की मिलिटरी सर्व्हिस पेचे 15,500 जोडले जातात. ही रक्कम ब्रिगेडियरपर्यंत सगळ्यांना सारखीच. बेरीज 71,600, आणि महागाई भत्ता या पूर्ण बेरजेवर. जानेवारी 2024 मध्ये तो 50 टक्के होता, म्हणजे तेव्हा आणखी 35,800; पुढे तो वाढत गेला. बाकीचे भत्ते पोस्टिंगवर. सियाचीनला अधिकाऱ्याला 2017 पासून महिना 42,500 वेगळे मिळू लागले, पण तिथे खर्च करायला दुकान नाही!

दोन वर्षांनी कॅप्टन, मूळ पगार 61,300 पासून; सहा वर्षांनी मेजर, 69,400 पासून. खरी उडी तेरा वर्षांनी, लेफ्टनंट कर्नलला: 1,21,200. शॉर्ट सर्व्हिसवाल्यांनी, म्हणजे माझ्यासारख्या ठरावीक मुदतीच्या अधिकाऱ्यांनी, हे नीट वाचा. आपली मुदत दहा वर्षांची, वाढवून घेतली तर चौदा. ग्रॅच्युइटी मिळते, पेन्शन नाही.

आता कपात. डीएसओपी हा आपला भविष्य निर्वाह निधी, मग आर्मी ग्रुप इन्शुरन्सचा हप्ता, मग इन्कम टॅक्स. मेसचं बिल यात नसतं, ते खात्यात आलेल्या पैशांतून भरायचं. पहिल्याच महिन्यात दोन पार्ट्या झाल्या की ते बिल डोळ्यांत पाणी आणतं.

आर्मीच्या अधिकाऱ्यांचे पगार पुण्यातून निघतात, गोळीबार मैदानाच्या पीसीडीए (ऑफिसर्स) या संरक्षण लेखा कार्यालयातून. तुमची बदली झाली, लग्न झालं, हे तिथे कळतं युनिटने काढलेल्या पार्ट टू ऑर्डरवरून, म्हणजे अशा बदलांची नोंद करणाऱ्या अधिकृत आदेशावरून. ऑर्डर निघालीच नाही, तर पुण्याच्या हिशेबी तुम्ही अजून ब्रह्मचारी. म्हणून हेडक्लार्क साहेबांशी गोडीनं राहा आणि ऑर्डरचा नंबर डायरीत टिपून ठेवा.

माझी फजिती वेगळी. वायओ (यंग ऑफिसर्स) कोर्ससाठी महूला जाताना टीए-डीए, म्हणजे प्रवास आणि दैनिक भत्त्याचा ॲडव्हान्स उचलला, परत आल्यावर त्याचा हिशेब देणारा फायनल क्लेम भरायचा राहून गेला. तिकिटं युनिफॉर्मच्या खिशात धुतली गेली होती, त्यामुळे मीच टाळत होतो. स्टेटमेंट ऑफ अकाउंट दर महिन्याला येत होतं, उघडत कोण होतं? मग एका महिन्यात पूर्ण ॲडव्हान्स दंडव्याजासकट एकदम कापला गेला. मेसचं बिल भरायला काकांकडे पैसे मागावे लागले. "लाखभर पगार ना रे तुझा?" एवढंच म्हणाले, आणि पाठवले.

तेव्हापासून प्रवासाची तिकिटं एका पाकिटात जातात, आणि युनिटला परतल्यावर पहिल्या आठवड्यातच क्लेम भरतो. महिन्याचं स्टेटमेंट आलं की आधी 'रिकव्हरी'चा रकाना बघतो, जमेचा नंतर.