आकडा बघता, पण तो कशाचा ते बघत नाही! सायन्समधल्या या चुका टाळा

जुलै निम्मा झाला की आपल्या सातारा-सांगलीतले सगळे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पाटबंधारे खात्याचे होऊन जातात. कोयनेतून इतके क्युसेक, धरणात इतके टीएमसी, सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला इतके फूट, आणि खाली लगेच कोणतरी टाकतंच, "५० हजार सोडलं म्हणजे निम्मं धरण रिकामं केलं की ओ". आता यात आकडा खरा असतोय, टाकणारा पण खोटं बोलत नसतोय, फक्त तो आकडा कशाचा आहे ते बघितलेलं नसतं. रोजच्या सायन्समधल्या निम्म्या चुका याच जातीच्या आहेत बघा.

क्युसेक वेगळं, टीएमसी वेगळं

क्युसेक म्हणजे दर सेकंदाला किती घनफूट पाणी जातंय ते. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. टीएमसी हा साठा, एक टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट. नळ किती सोडलाय आणि टाकीत किती पाणी आहे यांचा मेळ बसवायचा तर नळ किती वेळ चालू होता हे लागतंच ना. एवढंच पाठ करा, ११,५७४ क्युसेक पाणी २४ तास चाललं की १ टीएमसी होतं. म्हणजे ५० हजार क्युसेक अख्खा दिवस सोडलं तरी जातात सव्वाचार-साडेचार टीएमसी, आणि कोयनेची क्षमता आहे १०५ टीएमसीच्या आसपास. त्यात वरून आवक चालूच असती. आवक ७० हजार आणि विसर्ग ५० हजार असला तर दरवाजे उघडे असून पण धरण भरतच राहतं, मग लोक म्हणतात आकडे खोटे देतायत. विसर्गाच्या शेजारी आवक लिहिलेली असती, ती वाचत चला.

आयर्विन पुलाचे फूट हा तिसराच प्रकार. ती पातळी आहे. ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका, आणि २०१९ ला ५७ च्या पण वर गेलेली ते सांगलीकराला सांगायला नको. पण "१० हजार क्युसेक वाढलं की एवढे फूट वाढतं" असं सरळ गणित करत बसू नका. पाणी पात्रात आहे तोवर भराभर चढतं, पात्राबाहेर पडलं की रानात, गल्लीत पसरतं आणि मग तेवढ्याच पाण्याला पातळी कमी वाढते. शिवाय कोयना कराडला कृष्णेला मिळाल्यावर मधल्या ओढ्यानाल्यांचं पाणी येतंय ते वेगळंच, त्यावर कुठलाही दरवाजा नाही, आणि खाली हरिपूरला कृष्णेला मिळणारी वारणा फुगलेली असली की कृष्णेचं पाणी तुंबतं. म्हणून नुसता कोयनेचा आकडा बघून सामान वर टाकायचं का नाही ते ठरवू नका, धरणाचं पाणी सांगलीत यायला बरेच तास लागतात, तेवढ्यात अधिकृत सूचना बघा.

टीडीएस कमी म्हणजे पाणी चांगलं? अजिबात नाही

ही चूक पुराच्या चुकीपेक्षा महागात पडती. टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती वाहती ते मोजतं आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं, बस. जंतू त्याला दिसतच नाहीत. पुराच्या पाण्यात पावसाचंच पाणी जास्त, त्यामुळे त्यात गटार मिसळलेलं असून पण मीटर १५०-२०० दाखवून मोकळं होतं, आणि आपण खूश. तिकडे आटपाडी-जतकडच्या बोअरचं पाणी ९०० दाखवतंय म्हणून घाबरायचं, आणि त्यात जंतू एक पण नसेल असं होऊ शकतं. भारतीय मानक ५०० पर्यंत चांगलं म्हणतं, आणि दुसरा सोर्सच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतं. पण ते क्षारांबद्दल.

आणि तो दारावर येणारा सेल्समन, दोन ग्लासात दोन दोन कांड्या बुडवतो, बटण दाबलं की तुमच्या नळाचं पाणी तपकिरी गाळाचं होतं आणि त्याचं आरओचं तसंच स्वच्छ राहतं, "बघा वहिनी काय पिताय तुम्ही". अहो ती घाण पाण्यातली नाहीच, त्यातली लोखंडाची कांडी विजेमुळे गंजून सुटतीय. नळाच्या पाण्यात क्षार असतात म्हणून करंट जातो, आरओच्या पाण्यात जवळजवळ नसतात म्हणून जात नाही. पुढच्या वेळी आला की त्याच्याच आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि बटण दाबायला सांगा, तोंड बघण्यासारखं होतं.

जंतू मारायचे तर पाणी उकळा, खळखळ उकळी आल्यावर एखादा मिनिट पुरे. तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत, हे पुराच्या दिवसात घरात सगळ्यांना सांगून ठेवा. गढूळ पाण्यात क्लोरीनचे थेंब टाकून पण पूर्ण काम होत नाही, आधी निवळू द्यायचं, गाळायचं, मग थेंब, मग अर्धा तास थांबायचं. आणि उकळून सगळे क्षार जात नाहीत, थोडे भांड्याच्या तळाला पांढरे बसतात, बाकीचे पाण्यातच राहतात.

उकळीवरून आठवलं, पाणी एकदा उकळायला लागलं की गॅस मोठा करून ते जास्त गरम होत नाही. वाफ जास्त होती आणि सिलेंडर लवकर संपतो, एवढाच फायदा. महाबळेश्वरला उंचीमुळे पाणी ९५-९६ अंशालाच उकळतं, म्हणून तिथं डाळ उघड्या पातेल्यात शिजता शिजत नाही, पण जंतू मरायला तेवढं तापमान भरपूर आहे. कुकरमध्ये दाबामुळे १२० च्या आसपास जातं.

मातीचा रिपोर्ट

नदीकाठच्या ऊसवाल्यांनी हे नीट वाचा. रान पांढरं पडलं की पहिला सल्ला येतो जिप्सम टाका. रिपोर्टात पीएच आणि ईसी असे दोन आकडे असतात, क्षार किती ते ईसी सांगते, पीएच नाही, तो माती आम्ल आहे का अल्कली एवढंच सांगतो. ईसी ४ च्या वर आणि पीएच साडेआठच्या आत असेल तर जमीन क्षारपड, तिला पाण्याचा निचरा पाहिजे, चर किंवा सच्छिद्र पाईप, आणि गोड्या पाण्याने क्षार खाली धुऊन काढायचे. जिप्समचा उपयोग चोपण जमिनीला, जिथं सोडियमने माती चिकट होऊन पीएच साडेआठच्या वर गेलेला असतो. आणि निचरा नसेल तर तिथं पण जिप्समचे पैसे पाण्यातच. पीएच ८ चा ९ झाला तर "एकनेच वाढला" म्हणू नका, ती पट्टी दहापटीची आहे.

भूकंपाचं तसंच. एक अंक वाढला की ऊर्जा साधारण ३२ पट. म्हणून "कोयनेला बारके धक्के बसतात ते बरंय, मोठा टळतो" हे खरं नाही. ११ डिसेंबर १९६७ चा साडेसहाच्या आसपासचा होता, तेवढी ऊर्जा साडेतीनच्या धक्क्यांनी निघायला ३२ हजारभर धक्के लागतील. आणि कराडजवळ हजारमाचीला याच भूकंपांच्या अभ्यासाची केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे, तरी तारीख-वेळ सांगून भूकंप जगात कुणालाच सांगता येत नाही, तसला मेसेज आला की डिलीट.

पाऊस आणि पवनचक्की

१ मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर १ लिटर, म्हणजे गुंठ्याला १०० लिटर धरा. माण-खटावला वर्षाला साधारण ५०० मिलिमीटर, महाबळेश्वरला त्याच्या दहापट. घाट चढताना ढग रिकामे होतात म्हणून पलीकडे कमी, लोक म्हणतात तसं पवनचक्क्या ढग पळवतात म्हणून नव्हे. पंखा जमिनीपासून शंभर मीटरच्या आसपास, पावसाचे ढग किलोमीटरमध्ये मोजायचे. आणि १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा चाळकेवाडीला एक पण पवनचक्की नव्हती.

वीज चमकल्यावर सेकंद मोजणे

चमक आणि गडगडाट यातल्या सेकंदांना ३ ने भागलं की अंतर किलोमीटरमध्ये मिळतं, हे बरोबर. चूक पुढं होती, "१५ सेकंद म्हणजे ५ किलोमीटर लांब हाय" म्हणून माणूस रानातच थांबतो. पुढची वीज दहा किलोमीटरवर पण पडू शकती. ३० सेकंदांच्या आत आवाज आला की पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही. झाडाखाली नको, नुसत्या पत्र्याच्या शेडमध्ये नको, आणि तासगाव-पलूसकडच्या बागायतदारांनी द्राक्षाच्या मांडवाच्या तारांपासून लांब राहायचं, वीज लांब पडली तरी करंट तारेवरून येतो. रबराची चप्पल काही वाचवत नाही. विजेचा इशारा देणारं दामिनी अ‍ॅप मोबाईलमध्ये ठेवा, फोनमुळे वीज ओढली जाते हे खोटं आहे. आणि कुणाला वीज लागलीच तर "करंट बसंल" म्हणून लांब उभं राहू नका, अंगात करंट शिल्लक राहत नाही, लगेच हात लावा, १०८ ला फोन करायला एकाला सांगा आणि श्वास चालत नसेल तर छाती दाबायला सुरुवात करा.