एका इंजेक्शनच्या मागोमाग: न्यूक्लिअर मेडिसिनच्या परीक्षेचा अभ्यास

न्यूक्लिअर मेडिसिन म्हणजे किरणोत्सारी औषध टोचून शरीराचं चित्र घेण्याची शाखा. तिच्या परीक्षेत पहिल्या वेळी मी नापास झाले तेव्हा माझ्याकडे तीन वह्या भरून नोट्स होत्या. एकीत फिजिक्स, दुसरीत रेडिओफार्मसी (ही औषधं तयार करणं), तिसरीत गॅमा कॅमेरा (त्यांचे किरण टिपून चित्र काढणारा). अर्धायुष्यं (किरणोत्सार निम्मा व्हायला लागणारा वेळ), ऊर्जा, सगळं तोंडपाठ. तोंडी परीक्षेत समोर एक बोन स्कॅन ठेवला गेला. हाडं फिकी, पोट मात्र लख्ख, आणि गळ्याशी थायरॉइडचं फुलपाखरू. "हे असं का?" एवढाच प्रश्न. मी हाडांच्या आजारांची नावं घेत सुटले. उत्तर पेशंटच्या आजारात नव्हतंच, ते सकाळी हॉट लॅबमध्ये, म्हणजे औषध बनवायच्या खोलीत, तयार झालेल्या कुपीत होतं. कुपीची गोष्ट दुसऱ्या वहीत होती, चित्राची तिसऱ्या वहीत, आणि त्या दोन वह्या माझ्या डोक्यात कधी शेजारी बसल्याच नव्हत्या.

पुढचे सहा महिने मुलुंड ते परळ स्लो लोकलमध्ये, लेडीज डब्यात, मी एकच वही घेऊन अभ्यास केला. आता परळ भागातच टेक्नॉलॉजिस्ट म्हणून सतरा वर्षं झाली आणि दरवर्षी दोन-तीन ज्युनिअर मुलं-मुली माझ्याकडे शंका घेऊन येतात. कोणी डीएमआरआयटी या पदविकेच्या शेवटच्या परीक्षेला बसलेलं असतं, कोणी एमएस्सीला, कोणाला पुढे आरएसओ, म्हणजे किरणोत्सार सुरक्षा अधिकारी, व्हायचं असतं. पाया सगळ्यांचा तोच, म्हणून सगळ्यांना मी तीच पद्धत सांगते.

एक पेशंट घ्या, एक इंजेक्शन घ्या. एमडीपीचा बोन स्कॅन: एमडीपी हे हाडात जाणारं औषध, त्याला जोडलेलं २० मिलीक्युरी (किरणोत्साराचं माप) टेक्नेशियम-९९एम. टेक्नेशियम देणाऱ्या जनरेटरपासून निघा आणि कचऱ्याच्या पिशवीपर्यंत त्याच्या मागे मागे चालत जा. प्रत्येक ठिकाणी वहीत तीन गोष्टी लिहा: इथे काय घडतं, इथे काय मोजतात, आणि इथे बिघडलं तर पुढे चित्रात ते कसं दिसेल. तिसऱ्या प्रश्नावर सगळ्यात जास्त वेळ द्या. परीक्षक तिथूनच प्रश्न काढतात, आणि खऱ्या कामातही पेशंटचं भलंबुरं त्यावरच ठरतं.

सुरुवात जनरेटरपासून. मॉलिब्डेनम-९९, अर्धायुष्य ६६ तास, अ‍ॅल्युमिनाच्या स्तंभाला घट्ट चिकटून बसलेलं. त्याचं टेक्नेशियम होतं, ते सैल असतं आणि सलाइन सोडलं की धुऊन निघतं. आम्ही याला मिल्किंग म्हणतो. एकदा काढल्यावर साधारण २३ तासांनी टेक्नेशियम पुन्हा कमाल पातळीला येतं, म्हणून रोज सकाळी एकदा. पण इमर्जन्सी आली तर सहा तासांनीही कमालीच्या निम्म्याहून जास्त मिळतं. हा आलेख स्वतः हाताने काढा, छापील बघून भागत नाही. आणि विभागात कोणी जुनं माणूस असेल तर मिथाइल इथाइल किटोन वापरून टेक्नेशियम वेगळं करायची पद्धत त्यांच्याकडून ऐकून घ्या. आपल्याकडे ती बरीच वर्षं चालली. स्तंभाऐवजी द्रावकाने तेच काम कसं व्हायचं हे समजलं की रसायनशास्त्राची भीती निम्मी कमी होते.

इथे बिघाड काय? मॉलिब्डेनम निसटून कुपीत येणं. मर्यादा आहे दर मिलीक्युरी टेक्नेशियममागे ०.१५ मायक्रोक्युरी, आणि ती इंजेक्शन देण्याच्या वेळेला लागू होते, एल्युशनच्या, म्हणजे मिल्किंगच्या, वेळेला नाही. समजा सकाळी सातला ०.०८ भरलं. पास. दुपारी एकला टेक्नेशियम निम्मं झालेलं असतं आणि मॉलिब्डेनम जेमतेम सहा टक्के घटलेलं. म्हणजे ०.०८ गुणिले ०.९४ भागिले ०.५, उत्तर ०.१५ च्या काठावर. त्यानंतर तीच कुपी वापरता येणार नाही. हे गणित एकदा मनापासून सोडवलंत तर क्षय, जनरेटर आणि गुणवत्ता चाचणी हे तीन धडे एकत्र होतात.

क्षयाच्या गणितांबद्दल थोडं जास्त सांगते, कारण इथे हुशार मुलंही अडखळतात. ई चा घातांक वगैरे येऊ द्या, पण टेक्नेशियमसाठी तीन आकडे पक्के करा: एक तासाला ०.८९, दोन तासांना ०.७९, तीन तासांना ०.७१. सहा तासांना निम्मं तर माहीतच आहे. बाकीचे तास याच आकड्यांच्या गुणाकारातून निघतात. चार तास म्हणजे ०.७९ दोनदा, साधारण ०.६३. आता हॉट लॅबमध्ये उभ्या आहात असं समजा. सकाळी आठला कुपीत ५ मिलीलिटरमध्ये ४०० मिलीक्युरी आहे, म्हणजे दर मिलीलिटरला ८०. वीसचा डोस पाव मिलीलिटर. तोच डोस अकराला भरायचा असेल तर दर मिलीलिटरला ५७ च्या आसपास उरलंय, म्हणून ०.३५ मिलीलिटर. सिरिंजवरची रेघ डोळ्यांसमोर आणा. वेळ गेला की रेघ वर सरकते, हे हाताला कळलं पाहिजे.

उलट्या दिशेचं गणित विसरू नका. एफडीजी, म्हणजे फ्लोरिन-१८ जोडलेलं पीईटी स्कॅनचं औषध. त्याच्या कुपीवर "सकाळी १०, ५० मिलीक्युरी" असं लिहिलंय आणि तुम्ही ती ८ वाजून १० मिनिटांनी उघडली. फ्लोरिन-१८ चं अर्धायुष्य ११० मिनिटं. म्हणजे त्या क्षणी कुपीत १०० मिलीक्युरी आहे. पंचवीस लिहिणारे विद्यार्थी मी दरवर्षी बघते. वेळ मागे गेली की आकडा वाढतो.

आता ती कुपी, जिच्यामुळे मी नापास झाले. पर्टेक्नेटेट, म्हणजे जनरेटरमधून निघतं ते टेक्नेशियमचं रूप, आपल्या आपण एमडीपीला चिकटत नाही. किटमध्ये कथिलाचा क्षार असतो, तो टेक्नेशियमची संयुजा खाली आणतो, मग जोडणी होते. कुपीत हवा शिरली की ऑक्सिजन आधी कथिलालाच गाठतो. कथिल संपलं की टेक्नेशियम मोकळंच राहतं, आणि मोकळं पर्टेक्नेटेट शरीरात त्याच्या नेहमीच्या जागी जातं: थायरॉइड, लाळग्रंथी, जठर. सलाइनने सिरिंज भरताना कुपीत हवा ढकलली, एवढ्या एका चुकीने पेशंटचा दिवस आणि त्याला दिलेला किरणोत्सार वाया जातो. याउलट चित्रात यकृत उजळलं तर संशय कोलॉइडचा, म्हणजे टेक्नेशियम जोडलं गेलंच नाही, कणांच्या रूपात राहिलं. आणि फक्त जठर दिसलं, थायरॉइड नाही, तर पेशंटच्या रक्तातलं कॅल्शियम विचारा. हा फरक तोंडी परीक्षेत सांगितलात तर समोरचा माणूस मान वर करून बघतो.

हे सगळं इंजेक्शनच्या आधीच कळू शकतं. क्रोमॅटोग्राफीच्या, म्हणजे द्रावकात उभ्या करून घटक वेगळे करायच्या, दोन पट्ट्या लागतात. अ‍ॅसिटोनमध्ये मोकळं पर्टेक्नेटेट वर चढतं आणि बाकी सगळं खाली राहतं. सलाइनमध्ये कोलॉइड खाली राहतं, बाकीचं चढतं. दोन पट्ट्यांची वजाबाकी करून एमडीपी ९० टक्के जोडलेलं असायला हवं. पट्टीवर थेंब ठेवून तो वाळण्याआधीच बुडवण्याची घाई करू नका, आणि द्रावकाची पातळी थेंबाच्या खाली ठेवा. नाहीतर थेंब द्रावकातच विरघळतो आणि तुम्ही पट्टीला दोष देत बसता.

बाकीची औषधं याच चालीने शिका, मात्र यादी म्हणून नको, "ते तिथे का थांबतं" म्हणून. एमएए फुप्फुसात थांबतं कारण कण केशवाहिन्यांपेक्षा मोठे, १० ते ९० मायक्रॉनचे. सल्फर कोलॉइडला यकृतातल्या पेशी गिळतात. डीटीपीए मूत्रपिंडातून गाळलं जातं, डीएमएसए तिथल्या कॉर्टेक्समध्ये राहतं. कारण कळलं की नाव आपोआप लक्षात राहतं.

इंजेक्शनच्या वेळी शीर चुकली तर दंडात डाग आणि काखेतली लिम्फ ग्रंथी दिसते, तिला कर्करोग समजू नये. इंजेक्शननंतर दोन-तीन तास पाणी पीत थांबायचं, कारण हाडात न गेलेलं औषध मूत्रपिंडातून निघून जायला वेळ लागतो. स्कॅनच्या आधी लघवीला जाऊन यायचं, नाहीतर भरलेलं मूत्राशय ओटीपोटाची हाडं झाकतं. पेशंटला हे सांगताना मराठीत, साध्या शब्दांत सांगायची सवय आत्तापासून लावा. गावाहून आलेल्या आजींना "हायड्रेट" म्हणून काही कळत नाही.

आता कॅमेरा. हॅल अँगर यांनी १९५० च्या दशकात बांधलेली रचना आजही मुळात तीच आहे: कोलिमेटर, सोडियम आयोडाइडचा क्रिस्टल, मागे फोटोमल्टिप्लायर नळ्या, मग ऊर्जेची निवड. प्रत्येक थर काय फेकून देतो ते विचारा. कोलिमेटर (शिशाची जाळी) तिरपे फोटॉन, म्हणजे गॅमा किरणांचे कण, फेकतो, म्हणूनच संवेदनशीलता कमी होते आणि चित्र स्पष्ट होतं. एक वाढवलं की दुसरं घटतं. ऊर्जेची खिडकी, म्हणजे स्वीकारायच्या ऊर्जेचा पट्टा, विखुरलेले फोटॉन फेकते, पण सगळे नाही. टेक्नेशियमच्या १४० केईव्हीवर (केईव्ही हे ऊर्जेचं एकक) २० टक्क्यांची खिडकी म्हणजे १२६ ते १५४. आता ४५ अंशांत वळलेल्या फोटॉनची ऊर्जा काढून बघा: १३० च्या आसपास येते. म्हणजे इतका वळलेला फोटॉनही खिडकीतून खुशाल आत येतो! हे गणित मी पहिल्यांदा केलं तेव्हा भांडुप कधी गेलं कळलं नाही. चित्र थोडं धूसर का असतं, याचं उत्तर तेव्हा मला पहिल्यांदा स्वतःचं असं मिळालं.

एक प्रसंग सांगते, जागेचं नाव नको. सकाळी कोबाल्ट-५७ च्या पत्र्यासारख्या स्रोतावर फ्लड, म्हणजे कॅमेरा सगळीकडे सारखा दिसतोय का ही चाचणी, घेतला होता, खिडकी १२२ केईव्हीला. नंतर ती बदलायची राहिली. पहिल्या पेशंटचे मणके एकमेकांत मिसळलेले दिसत होते. कोणी म्हणालं पेशंट हलला, कोणी म्हणालं जाड आहे. मी स्पेक्ट्रम, म्हणजे आलेल्या ऊर्जांचा आलेख, उघडायला सांगितला. टेक्नेशियमचं शिखर खिडकीच्या बाहेर उजवीकडे उभं होतं, आत येत होता तो मुख्यतः विखुरलेला कचरा. शिखर मधोमध आणल्यावर मणके वेगवेगळे झाले. तेव्हापासून कुठलंही चित्र बिघडलं की आधी स्पेक्ट्रम, मग बाकीचं.

गुणवत्ता चाचण्या वाचून येत नाहीत. आठ दिवस सकाळी सातला विभागात जा आणि फ्लड घेणाऱ्याच्या शेजारी उभे राहा. बिघडलेली एक नळी फ्लडवर गोलसर थंड डाग होऊन दिसते. क्रिस्टलला तडा गेला तर फांदीसारखी काळी रेघ. आपल्या मुंबईत यावर थोडं अधिकच लक्ष हवं: सोडियम आयोडाइड दमटपणा शोषतो आणि तापमान झपाट्याने बदललं तर तडकतो. म्हणून कॅमेऱ्याच्या खोलीतला एसी रात्रीही बंद करायचा नाही, जुलैत तर नाहीच. डोस मोजायच्या यंत्रासाठी, डोस कॅलिब्रेटरसाठी, चार शब्द लक्षात ठेवा: स्थिरता रोज, रेषीयता दर तिमाहीला, अचूकता वर्षातून एकदा, भूमिती बसवताना.

पीईटीसाठी वेगळी वही नको. दोन ५११ केईव्हीचे फोटॉन विरुद्ध दिशांना जातात, दोन्ही एकाच वेळी पकडले गेले तर ती रेघ खरी. कोलिमेटरचं काम वेळेने केलं, एवढं समजलं की बाकी वाचून निघतं. देशातला पहिला मेडिकल सायक्लोट्रॉन (पीईटीचे समस्थानिक तयार करणारं यंत्र) २००२ मध्ये परळलाच, बीएआरसीच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाला. १९६३ पासून चालत आलेली ही संस्था आपल्या विषयाचं माहेर आहे. तिथून शिकून बाहेर पडलेली माणसं मुंबईभर आहेत, विचारायला लाजू नका.

किरणोत्सार सुरक्षेचे आकडे थोडेच आहेत. कामगाराला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलीसिव्हर्ट, कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही, सामान्य नागरिकाला १. ही एईआरबीची, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाची, मर्यादा. २००४ चे किरणोत्सार संरक्षण नियम एकदा मुळातून वाचा. अंगावरचा किरणोत्सार मोजणारा टीएलडी बॅज छातीवर, अ‍ॅप्रनच्या आत. आणि हा प्रश्न हमखास येतो: अर्ध्या मिलिमीटरचं शिसं टेक्नेशियमला चांगलं अडवतं, ५११ ला जवळजवळ नाही. पीईटीत अ‍ॅप्रनवर विसंबू नका, अंतर ठेवा आणि वेळ कमी करा.

परीक्षेआधीच्या महिन्यात रोज पाच गणितं करा, कॅल्क्युलेटरशिवाय अंदाज आधी, मग नेमकं उत्तर. परिणामी अर्धायुष्याचं (क्षय आणि शरीरातून बाहेर जाणं दोन्ही धरून) एक तरी असू द्या: भौतिक ६ तास, जैविक ३ तास, तर दोन्हींचा गुणाकार भागिले बेरीज, २ तास. परिणामी नेहमी दोघांपेक्षा लहान. मोठं आलं तर वही पुन्हा उघडा.

शेवटी कचऱ्याची पिशवी. तोच डोस भरलेली सिरिंज, कापूस, हातमोजे. दहा अर्धायुष्यं थांबवलं की सुमारे हजारावा भाग उरतो, म्हणजे टेक्नेशियमला ६० तास, आयोडिन-१३१ ला ८० दिवस. म्हणून दोन्ही एका पिशवीत टाकायचे नाहीत. पिशवीवर समस्थानिक आणि तारीख लिहा, वेळ झाली तरी सर्व्हे मीटर लावून पार्श्वभूमीइतकं आलंय का बघा, किरणोत्साराचं चिन्ह असलेलं लेबल काढा, आणि मगच ती बाहेर जाऊ द्या.