७०० अक्षरांत लॅबमधलं एक वर्ष

आपल्याकडे नीटचे गुण हातात आले की विषय संपतो. अमेरिकेत आधी चार वर्षांची पदवी, मग मेडिकल. तिथे एमकॅट ही प्रवेश परीक्षा तर द्यावीच लागते, शिवाय ॲमकॅस या मेडिकल प्रवेशाच्या सामाईक अर्जात १५ पर्यंत अनुभव मांडता येतात. प्रत्येकाला ७०० अक्षरं, स्पेससुद्धा मोजतात. त्यातले तीन 'सर्वांत अर्थपूर्ण' म्हणून निवडायचे. त्यांना आणखी १३२५.

माझ्या भाचीने तिच्या अशाच अर्जातला लॅबबद्दलचा मजकूर मला परभणीला पाठवला. मी इथे प्राणिशास्त्र शिकवलं. त्याआधी दोन हंगाम कपाशीत कामगंध सापळ्यांतले बोंडअळीचे पतंग मोजले. त्यावरचा शोधनिबंध छापून आला त्यात माझं नाव नव्हतं. त्यामुळे कुणी काय केलं याबाबत मी जरा खडूस आहे.

तिने लिहिलं होतं, "झेब्राफिश या छोट्या माशाच्या हृदयविकासावरील अत्याधुनिक संशोधनात योगदान दिलं."

"योगदान म्हणजे काय केलंस गं?"

"मावशी, वी इमेज्ड..."

"'वी' म्हणजे 'आम्ही' राहू दे. तू काय केलंस ते मराठीत सांग."

हा उपाय सगळ्यांनी करून बघा. लॅबशी संबंध नसलेल्या घरच्या माणसाला फोनवर सांगा. लेकरू दोन ठिकाणी अडखळलं. एकदा शब्द सापडेना म्हणून. दुसऱ्यांदा, प्रयोगात अंड्यांच्या पाण्यात टाकलेलं औषध का निवडलं हेच तिला माहीत नव्हतं म्हणून. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये विचारून आली. अर्जात लिहिलेल्या कुठल्याही ओळीवर मुलाखतीत प्रश्न येऊ शकतो.

मग खरं काम बाहेर आलं. सकाळी अंडी गोळा करायची, मेलेली वेगळी काढायची, उरलेली २८.५ अंशांवर इन्क्युबेटरमध्ये ठेवायची. भ्रूण पारदर्शक असतो. साधारण एका दिवसात हृदय धडधडू लागतं, ते मायक्रोस्कोपखाली मोजायचं. पहिले काही आठवडे आकडे जुळेचनात. सगळ्या डिश एकदम टेबलावर काढल्या की शेवटची गार पडायची आणि ठोके मंदावायचे, हे तिच्याच लक्षात आलं. मग एकेक डिश काढायला लागली. लाज वाटली म्हणून हेच तिने लिहिलं नव्हतं! मी तीन ओळी त्यालाच द्यायला लावल्या.

नोंद अशी लिहा: आधी एका वाक्यात संशोधनाचा प्रश्न, मग तुमच्या हातांनी काय केलं, मग काय बिघडलं नि कसं सावरलं, मग जे हाती आलं ते. निष्कर्ष 'फरक आढळला नाही' असा असला तरी तसाच लिहा. जागा कमी पडली तर यंत्रांची नावं आधी कापा.

तास फुगवू नका. आठवड्याला ८ तास, ३० आठवडे म्हणजे २४०. उन्हाळ्यात ८ आठवडे रोज ६ तास, पाच दिवस, आणखी २४०. पुढे होणारे तास वेगळे दाखवा. शोधनिबंध अजून लिहून व्हायचा असेल तर 'प्रकाशने' या प्रकारात घालू नका, लॅबच्याच नोंदीत एक ओळ पुरे. १३२५ अक्षरांत तीच कहाणी लांबवू नका. त्या कामाने तुमच्यात काय बदललं ते तिथे येऊ द्या. एमडी-पीएचडी, म्हणजे डॉक्टरकी आणि संशोधनाची पदवी एकत्र, करायचं असेल तर संशोधनावर १०,००० अक्षरांचा वेगळा निबंध असतो, तपशील तिथे.

अर्ज पाठवल्यावर या नोंदी बदलता येत नाहीत, म्हणून आधी मोठ्याने वाचा. भाचीने रविवारी वाचून दाखवलं. 'वी' दोनदा आला. एक मी खोडायला लावला, दुसरा राहू दिला. सुट्टीत मासे खरंच तिने आणि तिच्या मैत्रिणीने मिळून सांभाळले होते.